आणीबाणी लागली तर गावात काय बदलते? (कलम ३५२, ३५६ अन् बाकीचं)

आर्णीवाला
राजेहो, मिसाबंदीवाल्यायचं (१९७५ च्या आणीबाणीत मिसा कायद्यानं जेलात टाकलेल्यायचं) मानधन वाढल्यापासून आमच्या इकडं टपरीवर रोज एकच वाद हाये. २०१८ ला हे मानधन सुरू झालं, महिन्याच्या वर जेलात राह्यलेल्याले दहा हजार. २०२० ला बंद पडलं, २०२२ ला पुन्हा चालू, अन् जून २०२५ मधे सरकारनं दुप्पट केलं. गावातले एक आबाजी ते घेतात. ते म्हणतात, तशी आणीबाणी आता कोणालेच लावता येत नाई, घटनाच बदलली. पोट्टे म्हणतात, मंग लॉकडाऊन काय होतं? काठ्या तं आमी खाल्ल्या. तिसरा म्हणते, २०१९ ला महाराष्ट्रात आणीबाणीच लागली होती, अकरा दिवस.

माहा प्रश्न सरळ हाये. हे सगळं एकच हाये का येगयेगळं? अन् लागली तं गावात काय बदलते? पटवारी तोच, तहसीलदार तोच, ठाणेदार तोच. कोणी नीट सांगन का?

काळाकोट
तिसऱ्या गड्याला सांगा, २०१९ ला लागली ती राष्ट्रपती राजवट. तिचं कलम ३५६. आणीबाणी म्हणतात ती कलम ३५२ ची, आणि ती अख्ख्या देशाला किंवा देशाच्या एखाद्या भागाला लागते. तिसरं कलम ३६०, आर्थिक आणीबाणी. ते आजवर एकदाही वापरलेलं नाही.

३५२ तीनदा लागलं. चीन युद्धात २६ ऑक्टोबर १९६२ ला, ते थेट जानेवारी १९६८ पर्यंत चाललं. पाकिस्तान युद्धात ३ डिसेंबर १९७१ ला. आणि २५ जून १९७५ ला तिसऱ्यांदा. बऱ्याच जणांना माहीत नसतं की १९७५ ला तिसरी लागली तेव्हा १९७१ वाली उठलेलीच नव्हती. दोन्ही मार्च १९७७ मध्येच उठल्या.

आबाजींचं म्हणणं बरंचसं खरं आहे. १९७५ ला कारण दिलं होतं ‘अंतर्गत अशांतता’. हा शब्दप्रयोग इतका ढिला होता की मोर्चा, संप, काहीही त्यात बसायचं. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं तो काढून तिथे ‘सशस्त्र उठाव’ घातला. मंत्रिमंडळाची लेखी शिफारस असल्याशिवाय राष्ट्रपतींनी सही करायची नाही, असं बंधन आणलं. १९७५ ला फखरुद्दीन अली अहमद यांनी रात्री सही केली आणि मंत्रिमंडळाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, त्यावरचा हा बंदोबस्त. शिवाय संसदेची मंजुरी दोन महिन्यांऐवजी एका महिन्यात, तीही दोन तृतीयांश बहुमतानं, आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा. लोकसभेच्या एक दशांश सदस्यांनी लेखी मागणी केली तर चौदा दिवसांत बैठक बोलवावी लागते आणि साध्या बहुमतानं आणीबाणी उठवता येते.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कलम २० आणि २१ आता आणीबाणीतही स्थगित होत नाहीत. जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क. १९७६ ला हाच हक्क नाही असं सुप्रीम कोर्टानं चार विरुद्ध एक असं ठरवलं होतं. देशातल्या नऊ हायकोर्टांनी बंद्यांच्या बाजूनं निकाल दिले होते, ते सगळे उलटवले. एकटे न्या. ह. रा. खन्ना विरोधात राहिले. पुढच्या जानेवारीत सरन्यायाधीशपद त्यांना डावलून दुसऱ्याला दिलं गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला. तो निकाल अधिकृतपणे रद्द व्हायला २०१७ उजाडलं.

लॉकडाऊनचं म्हणाल तर ते घटनेतल्या आणीबाणीत नव्हतंच. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आणि १८९७ चा साथरोग कायदा, या दोघांवर चाललं.

तिखट_सांबारवडी
म्हंजे काठी तीच, कायदा येगळा.

काळाकोट
काठी तीच, पण कोर्टाचं दार उघडं होतं. १९७६ ला ते बंद होतं. हा फरक जेलात बसलेल्या माणसाला विचारा.

निवृत्त_गुरुजी
मी तेव्हा वर्धा जिल्ह्यात प्राथमिक शाळेवर होतो. नवी नोकरी, नवं लग्न. आणीबाणीबद्दल मुंबई-दिल्लीचे लोक लिहितात ते सेन्सॉरचं, वर्तमानपत्राच्या कोऱ्या जागांचं. आमच्या गावात वर्तमानपत्र यायचंच मुळी दुसऱ्या दिवशी, एसटीच्या ड्रायव्हरच्या हातून. आमच्यासाठी आणीबाणी म्हणजे नसबंदीच्या केसेस.

शाळेत तपासणीला साहेब आले की पटसंख्या नंतर, आधी ‘गुरुजी, केसेस किती?’ आम्ही मास्तर लोक संध्याकाळी सायकलीवर वाड्यावस्त्यांत फिरायचो. ज्याच्या दारात जाऊन पोराला शाळेत पाठवा म्हणायचं, त्याच्याच दारात जाऊन हे बोलायचं. लोक आम्हाला पाहून मागच्या दारानं वावरात निघून जायचे. पुढं कित्येक वर्षं लस टोचायला नर्सबाई आली तरी बाया पोरं लपवायच्या. त्याची किंमत कुठल्याच आयोगानं मोजली नाही.

एक गोष्ट आजच्या पोरांना सांगितली तर खोटी वाटते. महाराष्ट्राच्या विधिमंडळानं १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. तीन मुलांनंतर सक्ती. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून कायदा झाला नाही. आणीबाणी दिल्लीनं लावली हे खरं, पण हे विधेयक आपल्याच आमदारांनी हात वर करून पास केलं.

आणि आमच्या इथून पवनार हाकेच्या अंतरावर. विनोबा तेव्हा मौनात होते, पाटीवर लिहून दिलेलं ‘अनुशासन पर्व’ सरकारनं भिंतीभिंतीवर रंगवलं. पुढं जानेवारी १९७६ ला त्यांनीच पवनारला आचार्यांचं संमेलन भरवलं आणि त्याचा सूर सरकारला मानवला नाही. ते मात्र कुठल्या भिंतीवर रंगवलेलं मी पाहिलं नाही.

पुलगाव_एक्सप्रेस
गुरुजी, आदर ठेवून म्हणतो, पण आमचे आजोबा सांगतात की तेव्हा कचेरीत कारकून वेळेवर बसायचा, रेशनवर साखर मिळायची, सावकाराची मस्ती उतरली होती. आणि १९७७ ला उत्तरेत काँग्रेस साफ झाली तेव्हा विदर्भात तिच्या बऱ्याच जागा टिकल्या. इतका जुलूम होता तर आपल्या लोकांनी मतं का दिली?

निवृत्त_गुरुजी
बेटा, कारकून वेळेवर बसत होता हे मीही पाहिलं. तो भीतीनं बसत होता. १९७७ च्या एप्रिलात तोच कारकून पुन्हा अकरा वाजता येऊ लागला.

मतांचं म्हणशील तर उत्तरेत जितकी सक्ती झाली तितकी इथं झाली नाही, हे मान्य. दलित-आदिवासी आणि भूमिहीन लोकांना वीस कलमी कार्यक्रमातून काही मिळालंही, कर्जमुक्तीचा दिलासा होता. माणसं मत देताना एकच हिशेब करत नाहीत. जुलै १९७७ मध्ये इंदिराबाई पवनारला विनोबांना भेटायला आल्या तेव्हा रस्त्यावर ही गर्दी होती. मी त्या गर्दीत होतो, पाहायला.

झाडीपट्टी
आमच्याकडे आणीबाणी अजून चालू हाये जी. हसू नका, सांगतो.

१९७६ ला ४२ वी घटनादुरुस्ती झाली. तिच्यातल्या लोकशाहीविरोधी गोष्टी जनता सरकारनं बऱ्याच काढल्या, लोकसभेची मुदत सहा वर्षं केली होती ती पुन्हा पाच केली. पण त्याच दुरुस्तीनं पाच विषय राज्यसूचीतून उचलून समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो त्या यादीत, टाकले होते. शिक्षण, जंगल, वजनमापं, वन्यप्राणी-पक्ष्यांचं संरक्षण आणि खालच्या कोर्टांची रचना. ते कोणी परत आणले नाहीत. जंगल समवर्ती सूचीत आलं म्हणून केंद्राला १९८० चा वन संवर्धन कायदा सरळ करता आला. त्यानंतर वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर केंद्राची परवानगी लागते.

आता झुडपी जंगल पहा. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, या सहा जिल्ह्यांत सुमारे ८६ हजार हेक्टर. मध्य प्रांताच्या काळात ही गावाची गुरं चारायची, काटेरी झुडपांची जागा. राज्य पुनर्रचनेत आपण महाराष्ट्रात आलो आणि ही जमीन कागदावर ‘झुडपी जंगल’ म्हणून आली. जागेवर शाळा, दवाखाना, स्मशानभूमी, लोकांची घरं, सगळं उभं आहे. सातबारावर मात्र जंगल. आमच्या गावात अंगणवाडीची खोली बांधायची तर निधी आला, जागा झुडपी, निधी परत गेला.

२२ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की झुडपी जंगल हे जंगलच. १२ डिसेंबर १९९६ च्या आधी सक्षम अधिकाऱ्यानं दिलेल्या जमिनी नियमित करायला राज्यानं केंद्राकडे प्रस्ताव द्यावा, त्यानंतर दिलेल्यांची चौकशी व्हावी. म्हणजे गावच्या स्मशानभूमीचा कागद दिल्लीला जाणार. ते खातं दिल्लीला गेलं कधी? १९७६ ला, विरोधी पक्षाचे नेते जेलात असताना. त्यावर कोणाच्या गावात ग्रामसभा झाली होती का?

पाटलीणबाई_दर्यापूर
झाडीपट्टी भाऊ, तुमचं पटतं पण अर्धंच. १९८० चा कायदा नसता तर ताडोबाच्या आजूबाजूला झाड राहिलं असतं का? राज्याच्या हातात असतं तर खाणवाल्यांनी दोन निवडणुकांत संपवलं असतं. जंगल दिल्लीकडे गेलं म्हणून वाचलं असंही म्हणता येतं.

झाडीपट्टी
ताई, खाणीले परवानगी दिल्लीच देते. अंगणवाडीले नाई देत. वाद जंगल वाचण्याचा नाही. तो बदल ज्या पद्धतीनं झाला त्याचा आहे.

काळाकोट
झाडीपट्टींचा मुद्दा कायद्यानं बरोबर आहे, एक भर घालतो. आणीबाणी चालू असताना राज्यसूचीतल्या कुठल्याही विषयावर संसद कायदा करू शकते, पण ते कायदे आणीबाणी उठल्यावर सहा महिन्यांत गळून पडतात. ४२ वी दुरुस्ती तशी गळाली नाही, कारण ती घटनादुरुस्ती होती.

आर्णीवाला
हे भारी हाये. आता ३५६ चं सांगा. त्या अकरा दिवसांत काय झालं होतं?

काळाकोट
महाराष्ट्रात ३५६ तीनदा. पहिली १७ फेब्रुवारी १९८० ला, शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार बरखास्त. त्या दिवशी इंदिरा गांधींनी एका दमात नऊ राज्यांची सरकारं घालवली. त्याआधी १९७७ ला जनता सरकारनंही नऊच घालवली होती, म्हणजे हिशेब बरोबर! दुसरी २८ सप्टेंबर २०१४ ला, पृथ्वीराज चव्हाणांनी राजीनामा दिल्यावर, महिनाभर. तिसरी १२ नोव्हेंबर २०१९ ला, कोणाचंच सरकार बनेना म्हणून. ती २३ नोव्हेंबरला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी उठली आणि त्याच सकाळी शपथविधी झाला. राजवट उठवायला मंत्रिमंडळाची बैठकही झाली नाही, पंतप्रधानांनी कामकाज नियमातला १२ वा नियम वापरला, मंजुरी मागाहून घ्यायची.

३५६ ला फक्त साधं बहुमत लागतं, दोन महिन्यांत. एका वेळी सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं. आणि एक वर्षाच्या पुढं न्यायची तर देशात किंवा त्या राज्यात आणीबाणी असावी लागते आणि निवडणूक घेणं शक्य नाही असं निवडणूक आयोगानं लिहून द्यावं लागतं. ही एक वर्षाची अटही ४४ व्या दुरुस्तीचीच. हायकोर्टाचे अधिकार ३५६ मध्ये काढून घेता येत नाहीत. मूलभूत हक्कांनाही धक्का लागत नाही. कलम शंभरहून जास्त वेळा वापरलं गेलं. १९९४ च्या सुप्रीम कोर्टाच्या बोम्मई निकालानंतर ते अवघड झालं, कारण नऊ न्यायाधीशांनी सांगितलं की बहुमत राजभवनात मोजायचं नाही, सभागृहात मोजायचं. २०१९ ला सुप्रीम कोर्टानं दुसऱ्याच दिवशी विश्वासदर्शक ठराव घ्या म्हणून सांगितलं ते त्याच वळणावर.

कापूसकोंडा
त्या अकरा दिवसाचं मी सांगतो, मी कास्तकार हाओ अन् मले तारखा पाठ हायेत.

२०१९ च्या ऑक्टोबरात निवडणूक झाली, २४ ला निकाल. अन् इकडं दिवाळीपासून अवकाळीनं सोयाबीनच्या सुड्या सडवल्या. उभ्या कपाशीची बोंडं काळी पडली. कोणाले सांगावं? पालकमंत्री नाई. आमदार निवडून आला पण त्याले अजून शपथ नाई, तो मुंबईले हाटेलात. पटवारी म्हणे पंचनामा करतो, पण किती देणार ते वरून आल्याशिवाय सांगता येत नाई. वर कोन? वर राज्यपाल.

१६ नोव्हेंबरला राज्यपाल कोश्यारींनी जाहीर केलं, खरिपाले हेक्टरी आठ हजार, फळबागेले अठरा हजार, दोन हेक्टरची मर्यादा. तेव्हाचा आपत्तीचा ठरलेला दर कोरडवाहूले ६८०० होता, म्हणजे बाराशे जास्तच. नेते पंचवीस हजार मागत होते. माह्या वावरात एका हेक्टरले खर्चच किती लागते हे काय सांगू.

आता माहा मुद्दा. पैसा कमी देल्ला ह्याचा राग नाई. मंत्र्यानंही एवढाच देल्ला असता. राग हा की त्या आठ हजारावर भांडाले माणूस नोयता. मंत्री असता तं तालुक्याले आला असता, आमी गाडी अडवली असती, काळे झेंडे दाखवले असते, पुढच्या बारीले पाडलं असतं. राज्यपालाले कोन पाडणार? मुंबईत राजभवन, विधानसभा झोपलेली, संसदेत आपला खासदार उठून बोलला तं बोलला. आमदाराची पगार मात्र चालू असन.

तिखट_सांबारवडी
शपथच नाई तं पगार कशाची.

पाटलीणबाई_दर्यापूर
कापूसकोंडा भाऊंनी नेमकं सांगितलं. राष्ट्रपती राजवटीत गावात बदलतं ते एवढंच, की ज्याच्यावर चिडायचं तो माणूस नसतो. आमच्याकडे पीक विम्याच्या मोर्चातल्या बायांनी तेव्हा निवेदन कलेक्टरसाहेबांना दिलं. साहेबांनी घेतलं, शिक्का मारला, पोच दिली. पोच अजून फाईलला आहे.

गाविलगड
राजभवनाच्या कारभाराचा अनुभव आपल्याला नवा नाही, मंडळी. ३५६ चा बाप म्हणजे १९३५ च्या भारत सरकार कायद्याचं कलम ९३. प्रांताचा कारभार चालत नाही असं गव्हर्नरला वाटलं की सगळा कारभार त्याच्या हातात. आपला मध्य प्रांत व वऱ्हाड नोव्हेंबर १९३९ मध्ये त्याखाली गेला, महायुद्धाच्या प्रश्नावर काँग्रेसच्या रविशंकर शुक्ल मंत्रिमंडळानं राजीनामा दिल्यावर. ते थेट १९४६ ला पुन्हा मंत्रिमंडळ येईपर्यंत. सहा वर्षांहून जास्त काळ नागपूरला निवडून आलेलं सरकार नाही. (त्याआधी १९३८ ला नागपूरच्याच डॉ. ना. भा. खरे यांना काँग्रेसश्रेष्ठींच्या दबावामुळं पंतप्रधानपद सोडावं लागलं होतं, तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणत. तो किस्सा वेगळ्या धाग्याचा आहे.)

या सहा वर्षांच्या मध्ये चिमूर आणि आष्टी घडलं, १६ ऑगस्ट १९४२. गोळीबार झाला, जमावाच्या हातून अधिकारीही मारले गेले, आणि मग चिमूरला फौज उतरली. नंतर गावात घराघरांत जे झालं, बायांवर जे अत्याचार झाले, त्याची चौकशी करा म्हणायला विधानसभाच नव्हती. तुकडोजी महाराजांना अटक करून नागपूर आणि रायपूरच्या जेलात ठेवलं. प्रा. भणसाळींनी चौकशीसाठी ६३ दिवस उपास केला, आणि सरकारनं चिमूरच्या आणि त्या उपासाच्या बातम्या छापायलाच बंदी घातली. निवडून आलेलं सरकार असतं तर फौज आली नसती असं मी म्हणत नाही. पण सभागृहात प्रश्न विचारणारा कोणीतरी असता. तो नव्हता म्हणून एका प्राध्यापकाला पोट उपाशी ठेवून प्रश्न विचारावा लागला.

हाच अनुभव गाठीशी असताना आपल्या घटनेत कलम ९३ जवळजवळ तसंच आलं, फक्त गव्हर्नरच्या जागी राष्ट्रपती. घटना समितीत त्याला सगळ्यात कडवा विरोध केला तो आपल्याच प्रांतातून गेलेल्या ह. वि. कामतांनी. जर्मनीच्या वायमार घटनेतली आणीबाणीची तरतूद वापरूनच हिटलरचा रस्ता मोकळा झाला, हा दाखला त्यांनी तेव्हा दिला होता. डॉ. आंबेडकरांचं उत्तर ऑगस्ट १९४९ चं. गैरवापर होऊ शकतो हे त्यांनी नाकारलं नाही. हे कलम कधी वापरावंच लागू नये, मृत राहावं अशी आशा त्यांनी व्यक्त केली. वापरायची वेळ आलीच तर राष्ट्रपतींनी आधी राज्याला ताकीद द्यावी, मग निवडणूक घ्यावी, आणि त्यानंही भागलं नाही तरच कलमाला हात घालावा, अशी पायरी त्यांनी सांगितली. ती पायरी कलमात लिहिली गेली नाही, भाषणातच राहिली. माझ्या मते संकट तिथंच होतं.

पुलगाव_एक्सप्रेस
मग कलमच नको का? मणिपूरमध्ये १३ फेब्रुवारी २०२५ ला राजवट लावली, ती किती उशिरा लावली म्हणूनच लोक ओरडत होते. माणसं मरत असताना राज्य सरकार कुचकामी असेल तर केंद्रानं बघत बसायचं?

गाविलगड
कलम नको असं कामतही म्हणत नव्हते. कुलूप हवं, आणि किल्ली एकाच खिशात नको.

कोरची_कुरखेडा
मला एक विचारायचं होतं, वकीलसाहेब. आमच्या गडचिरोलीत इतकी वर्षं नक्षली होते. बंदुका होत्या, भूसुरुंग होते, ग्रामपंचायतीचे सदस्य मारले. ‘सशस्त्र उठाव’ म्हणतात तो हाच ना? मग ३५२ जिल्ह्याला का नाही लावलं? वर तुम्हीच लिहिलं, देशाच्या भागालाही लागते.

काळाकोट
प्रश्न चांगला आहे. कागदावर बसू शकतं. पण ३५२ ला देशाच्या किंवा त्याच्या एखाद्या भागाच्या सुरक्षेला धोका असल्याचं राष्ट्रपतींचं समाधान व्हावं लागतं, आणि पुढं संसदेत दोन तृतीयांशाची लढाई. एवढा खटाटोप कोणतं सरकार करेल, जेव्हा साधे कायदे हाताशी आहेत? केंद्रानं कलम ३५५ खालच्या आपल्या कर्तव्याप्रमाणे सीआरपीएफ पाठवली, राज्यानं सी-६० हे पोलिसांचं नक्षलविरोधी पथक उभं केलं, यूएपीए (बेकायदा कृत्यं प्रतिबंधक कायदा) लावला. आणि जुलै २०२५ मध्ये विधिमंडळानं विशेष जनसुरक्षा विधेयकही मंजूर केलं. पंजाबसाठी १९८८ ला ५९ वी दुरुस्ती करून खास ३५२ ची सोय केली होती, ती न वापरताच दोन वर्षांच्या आत काढून टाकली.

कोरची_कुरखेडा
म्हणजे आणीबाणीचं नाव न घेता काम होते. आम्हाला रात्री टॉर्च घेऊन फिरायला भीती, दोन्हीकडची. कलम कोणतं होतं ते आम्हाला कधी कळलंच नाही. घटनेच्या पाचव्या (आदिवासी भागांच्या) अनुसूचीत राज्यपालांना आमच्या भागासाठी खास अधिकार आहेत, तेही गावात कोणाला माहीत नाहीत.

झाडीपट्टी
आणि ३७१(२)? विदर्भाच्या समतोल विकासाची खास जबाबदारी राज्यपालांची. त्यासाठीच्या विदर्भ विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. सरकार पाडायचा, बसवायचा अधिकार सगळ्यांना आठवतो. अनुशेष भरायचा अधिकार कोणालेच आठवत नाई.

आर्णीवाला
बरं, माह्या मनात एक आलं. राज्यात राष्ट्रपती राजवट तीन वर्षांच्या वर नाई. मंग आमच्या जिल्हा परिषदेत मार्च २०२२ पासून प्रशासक बसला, त्याचं काय? ते कोणत्या कलमात बसते?

पाटलीणबाई_दर्यापूर
हाच तो प्रश्न! मी पंचायत समितीवर निवडून गेले होते. मुदत संपली, घरी आलो, निवडणूकच नाही. कलम २४३ ई सांगतं की पंचायतीची मुदत पाच वर्षं, आणि निवडणूक मुदत संपायच्या आत व्हायला हवी. राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांत तेव्हा प्रशासक आले आणि तीन वर्षं उलटली तरी हलले नाहीत. संसदेची मंजुरी नाही, सहा महिन्यांनी फेरविचार नाही, निवडणूक आयोगाचं प्रमाणपत्र नाही. कुठं राष्ट्रपतींची सही नाही की टीव्हीवर भाषण नाही.

काळाकोट
ताई, बरोबरी जरा ताणलेली आहे. कारण ओबीसी आरक्षणाचा खटला आणि प्रभागरचनेचा घोळ होता, कोणी सत्ता हडपली असं नाही. शेवटी ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानंच सांगितलं की चार आठवड्यांत निवडणुकीची अधिसूचना काढा.

पाटलीणबाई_दर्यापूर
वकीलसाहेब, कारण प्रत्येक वेळी चांगलंच असतं. १९७५ लाही कारण होतं. मला सांगा, त्या तीन वर्षांत आमच्या तालुक्यातल्या बंद पडलेल्या नळयोजनेवर सभागृहात कोणी प्रश्न विचारला? गटविकास अधिकारी चांगला होता, कामाचा होता. पण त्याची बदली झाली की नवा साहेब पहिल्यापासून सुरू. माझं म्हणणं एवढंच, की दिल्लीतल्या आणीबाणीला आपण चार कुलपं लावली आणि गावातल्या लोकप्रतिनिधीची खुर्ची रिकामी ठेवायला एकही लावलं नाही.

काळाकोट
२४३ ई हेच ते कुलूप आहे. ते कोणी लावत नाही हा वेगळा रोग. पण मुद्दा घेतला. जिल्हा परिषदेच्या प्रशासकाला कालमर्यादा घालणारी तरतूद असायला हवी, यावर माझंही एकमत.

तिखट_सांबारवडी
वकील अन् ताईचं एकमत. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

कापूसकोंडा
मंग ३६० चं काय? आर्थिक आणीबाणी लागली तं कर्जमाफी बंद होते का?

काळाकोट
लागली तर केंद्र राज्याला खर्चाबाबत आदेश देऊ शकतं, राज्याची वित्त विधेयकं राष्ट्रपतींसाठी राखून ठेवायला लावू शकतं, सरकारी नोकरांचे आणि न्यायाधीशांचे पगारही कमी करू शकतं. कर्जमाफीचा पैसा राज्य देतं, म्हणजे तो अडू शकतो. पण १९९१ ला देशाचं सोनं गहाण पडलं तेव्हाही ३६० लावलं नव्हतं. दुष्काळ जाहीर होणं, ओला दुष्काळाची मागणी, याचा ३६० शी काही संबंध नाही. दुष्काळ संहिता वेगळी, आणि तिच्यात ओला दुष्काळ नावाचा प्रकारच नाही.

आर्णीवाला
आबाजीले हे सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, ४४ वी दुरुस्ती आमच्यामुळं झाली हे लिहा. लिहिलं. पोट्ट्यायनं २४३ ई चं पान मोबाईलवर काढून ठेवलं हाये.

शेवटचं एक. आमच्या शेजारच्या गावात ग्रामपंचायतीची मुदत संपली, प्रशासक हाये. सरपंच नाई म्हणून ग्रामसभाच घेत नाईत. हे बरोबर हाये का?

पाटलीणबाई_दर्यापूर
अजिबात नाही. ग्रामसभा म्हणजे गावातले सगळे मतदार, ती पंचायतीबरोबर संपत नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ७ प्रमाणे वर्षात किमान चार सभा घ्याव्याच लागतात. सरपंचाचे अधिकार प्रशासकाकडे आहेत, म्हणजे सभा बोलवायची जबाबदारीही त्याच्याकडेच. लेखी अर्ज द्या, एक प्रत गटविकास अधिकाऱ्याला, आणि दोन्हीवर आवक क्रमांक टाकून पोच घ्या. पंधरा दिवसांत काही हललं नाही तर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे जा. अर्जाचा मसुदा हवा असेल तर मला व्यनि करा, तयार आहे.